दर रविवारी, पहाटे पाच: कार्यक्रम-दिनदर्शिकेच्या एका मुक्तस्रोत मॉड्यूलची गोष्ट

पार्श्वभूमी

संस्था पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरातली, शंभरी ओलांडलेली. वाचनालय, दोन सभागृहं, वसंत व्याख्यानमाला, गणेशोत्सव, संकष्टीचं कीर्तन, मुलांचे छंदवर्ग आणि रविवारी पहाटे एसटी स्टँडवरून निघणारा गडभ्रमंतीचा गट, असा सगळा पसारा. संकेतस्थळ ड्रुपल ७ वर, म्हणजे संकेतस्थळं चालवायच्या एका मुक्तस्रोत प्रणालीवर, चालायचं. २०२३ च्या सुरुवातीला ड्रुपल ७ चा आधार त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संपणार असं जाहीर झालेलं होतं. पुढे ती मुदत ५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली, पण तोवर सगळं ड्रुपल १० वर हलवायचं ठरून गेलं होतं. बाकीची पानं हलवणं कंटाळवाणं होतं, अवघड नव्हतं. गाडी अडली ती कार्यक्रमांच्या दिनदर्शिकेपाशी.

कोड लिहिला तीन प्रोग्रामरनी, आपापल्या नोकऱ्या सांभाळून. चाचणी माझ्याकडे होती. आणखी एक व्यक्ती या कामात फार महत्त्वाची ठरली, ती म्हणजे वाचनालयातल्या लिपिक. सगळे त्यांना ताई म्हणतात. वर्षभराचे कार्यक्रम संकेतस्थळावर चढवायचं काम त्यांचंच. पुढे ब्रिटनमधलं एक मराठी मंडळही यात आलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक बाजू जशी घडली तशीच ठेवली आहे.

अडचण नेमकी कुठे होती

दिनदर्शिकेचं मॉड्यूल, म्हणजे ड्रुपलला जोडायचा सुटा कोड, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर महिन्याचे चौकोन येतात. ते चौकोन हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. फुलकॅलेंडर नावाची जावास्क्रिप्ट लायब्ररी एमआयटी परवान्याखाली मिळते, ती जोडली की महिना, आठवडा, दिवस सगळं दिसायला लागतं. खरा प्रश्न ताईंच्या वहीत होता. एक नोंद अशी:

'व्याख्यान – दर महिन्याचा चौथा रविवार, सायं. ६. मे – सुट्टी. ऑगस्ट – सभागृह २. डिसें. – वक्ते आजारी, पुढच्या रविवारी.'

जुन्या संकेतस्थळावर ताई या एका नोंदीचे अकरा सुटे कार्यक्रम करायच्या. वेळ सहाऐवजी साडेसहा झाली की अकरा पानं उघडून अकरा वेळा बदलायची, आणि त्यातलं एखादं राहून जायचंच. संस्थेची मागणी म्हणून एवढीच होती: एकदा लिहिलं की पुरे, पण एखाद्या तारखेचा वक्ता, सभागृह किंवा वेळ वेगळी करता आली पाहिजे. शिवाय लोकांना आपल्या फोनच्या कॅलेंडरमध्ये कार्यक्रम उतरवून घेता यावेत.

पहिला निर्णय: नवं लिहायचं की तयार घ्यायचं

तीन वाटा समोर होत्या. एखाद्या फुकट सेवेवर सार्वजनिक कॅलेंडर काढून ते पानात चिकटवायचं. हा मार्ग एका दुपारचा. पण मग प्रत्येक व्याख्यानाला स्वतःचं पान नाही, संस्थेच्या शोधात ते येत नाही, आणि 'सभागृह २ या महिन्यात कधी रिकामं' हे विचारता येत नाही. तो पर्याय पहिल्याच बैठकीत बाद झाला.

दुसरी वाट ड्रुपलवरच्या तयार मॉड्यूलांची. ती होती आणि चांगली होती. काहींमध्ये पुनरावृत्ती हे कार्यक्रमाच्या पानावरचं एक फील्ड असतं, म्हणजे एका तारखेला स्वतःचा वक्ता देता येत नाही. एका मॉड्यूलमध्ये मात्र मालिका आणि तिच्यातला प्रत्येक प्रसंग या दोन वेगळ्या वस्तू होत्या, आपल्याला हवं तसंच. तरीही टीमने तिसरी वाट धरली: स्वतःचं छोटं मॉड्यूल, ड्रुपलच्या नियमानुसार जीपीएल परवान्याखाली, सर्वांसाठी खुलं. कारण असं दिलं गेलं की तयार मॉड्यूलमध्ये नावनोंदणीपासून प्रतीक्षायादीपर्यंत बरंच काही आहे, ते आपल्याला नको.

मला हे कारण तेव्हाही पटलं नव्हतं. नको असलेलं बंद ठेवता येतं. नवं लिहिण्यातला आनंद हे खरं कारण होतं, आणि स्वयंसेवी कामात ते कारण क्षुल्लक नसतं. पगार नसताना माणसं आनंदासाठीच टिकतात. फक्त ते कागदावर तसं लिहिलं गेलं असतं तर पुढे देखभालीचा प्रश्न आला तेव्हा चर्चा जास्त मोकळी झाली असती.

दुसरा निर्णय: नियम साठवायचा की तारखा

पुनरावृत्तीचे नियम लिहायची एक जगमान्य पद्धत आहे, आयकॅलेंडर. १९९८ मध्ये आलेल्या या मानकाची सुधारित आवृत्ती म्हणजे २००९ चं आरएफसी ५५४५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). 'दर महिन्याचा चौथा रविवार' हा नियम त्यात एका ओळीत बसतो. तो साठवून पान उघडताना तारखा काढायच्या, हे दिसायला नीटस आहे. पण 'या महिन्यात सभागृह २ मध्ये काय आहे' हा प्रश्न डेटाबेसला विचारायचा तर तिथे तारखांच्या ओळी हव्यात. आणि न संपणाऱ्या नियमाच्या सगळ्या ओळी कधीच लिहून होणार नाहीत.

मधला मार्ग निघाला. मालिकेत नियम राहील, पुढच्या तेरा महिन्यांचे प्रसंग ओळींच्या रूपात लिहिले जातील, आणि क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, रोज ती सीमा पुढे सरकवत राहील. तेरा एवढ्यासाठी की पुढच्या वर्षीचा हाच महिना नेहमी दिसावा.

वाद पेटला तो पुढच्या पायरीवर. ऑगस्टच्या व्याख्यानाचं फक्त सभागृह बदललेलं आहे. आता मालिकेची वेळ सहावरून साडेसहा केली. ऑगस्टची वेळ बदलायची की नाही? एक मत असं की हात लावलेला प्रसंग मालिकेतून पूर्ण सुटा समजावा. कोड सोपा राहतो. दुसरं मत, प्रसंगाने फक्त वेगळेपण लक्षात ठेवावं, बाकी सगळं मालिकेकडून घ्यावं. ताईंना विचारलं. त्यांनी क्षणभर विचारच केला नाही: "सभागृह बदललंय, व्याख्यान तेच आहे ना? मग साडेसहालाच होणार." दुसरं मत पक्कं झालं. कोड वाढला, पण हा निर्णय आजवर एकदाही बदलावा लागलेला नाही.

फॉर्मच्या बाबतीतही ताईंनीच वाट दाखवली. यादीत 'चौथा' आणि 'शेवटचा' असे दोन्ही पर्याय होते, आणि त्या दर वेळी 'चौथा' निवडायच्या. २०२३ मध्ये जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि डिसेंबर या पाच महिन्यांत पाच-पाच रविवार होते. छंदवर्गाचं प्रदर्शन खरं तर महिन्याच्या शेवटच्या रविवारी असायचं, त्यामुळे या महिन्यांत तारीख आठवडाभर आधीची पडायची. पर्यायांची नावं बदलून पाहिली, खाली सूचना लिहून पाहिली. सूचना कोण वाचतं? शेवटी फॉर्मच्या खाली, जतन करायच्या आधीच, येणाऱ्या तारखा वार लावून दाखवायला सुरुवात केली. ३० तारखेऐवजी २३ दिसली की ताई स्वतःच थांबायच्या.

तिथीचा प्रश्न

संकष्टी दर महिन्याला येते, मग तिलाही नियम का नाही, ही मागणी पहिल्याच आठवड्यात आली. एका प्रोग्रामरने हौसेने तिथी काढायचा कोड लिहिलाही. सूर्य आणि चंद्र यांच्यात बारा अंशांचं अंतर पडलं की एक तिथी, एवढं गणित तर अवघड नाही. अवघड आहे ते कोणती तिथी कोणत्या क्षणी पाहायची हे. संकष्टीला चंद्रोदय पाहतात, गणेश चतुर्थीला मध्यान्ह, बऱ्याच तिथींना सूर्योदय. त्यात क्षय आणि वृद्धी. त्यात २०२३ साली अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, आणि कोडने श्रावणातले कार्यक्रम दोनदा मांडले. त्यात स्थळ: त्या वर्षी गणेश चतुर्थी भारतात १९ सप्टेंबरला होती, पण तिथी १८ ला दुपारी लागून १९ ला दुपारी संपत असल्याने ब्रिटनच्या मध्यान्हाने ती १८ ला येत होती. आणि सगळ्यावर कडी म्हणजे पंचांग कोणतं. दाते आणि टिळक पंचांगांचे सण कधी कधी वेगळ्या दिवशी येतात, आणि संस्थेच्या कार्यकारिणीत दोन्हींचे मानणारे आहेत.

मानकात काही सोय आहे का तेही पाहिलं. २०१५ च्या आरएफसी ७५२९ ने ग्रेगोरियनेतर कालगणनांमध्ये पुनरावृत्ती लिहायची सोय केली आहे. मात्र ती ज्या यादीवर उभी आहे तिच्यातलं 'भारतीय' कॅलेंडर म्हणजे १९५७ मध्ये स्वीकारलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका. तिच्यात तिथीच नाही.

निर्णय झाला तो कोड काढून टाकण्याचा. त्याजागी 'तारखांची यादी' असा एक साधा प्रकार आला. ताई भिंतीवरच्या कॅलेंडरमधून वर्षाच्या संकष्ट्या उतरवून चौकटीत टाकतात, मालिका तयार होते. आयकॅलेंडरमध्येही सुट्या तारखा देण्याची सोय असल्याने फोनपर्यंत ते नीट पोचतं. माझ्या मते या मॉड्यूलमधला हा सगळ्यात शहाणा निर्णय. पंचांग कोणाचं मानायचं हे ठरवणं सॉफ्टवेअरचं काम नव्हे. ज्याने तो कोड लिहिला त्याला वाईट वाटलं, हे खरं. त्याने तो स्वतंत्र लायब्ररी म्हणून ठेवला आहे.

गणेशोत्सव २०२३: फोनमध्ये काय उतरलं

फोनवर उतरवायची सोय पहिल्यांदा गणेशोत्सवात वापरात आली आणि दोन बग सापडले.

पहिला: उत्सव १९ ते २८ सप्टेंबर, पण फोनमध्ये २७ लाच संपत होता. अनंत चतुर्दशीच गायब. पूर्ण दिवसाच्या कार्यक्रमात आयकॅलेंडरची शेवटची तारीख ही संपल्यानंतरची तारीख असते, म्हणजे २९ लिहायला हवी होती. कॅलेंडरवर काम केलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा खड्डा माहीत आहे, आणि जवळजवळ प्रत्येक जण एकदा त्यात पडतोच.

दुसरा बग आपल्या लिपीपुरता. काही फोनांवर 'संकष्टी चतुर्थीनिमित्त कीर्तन' या शीर्षकातल्या 'कीर्तन'च्या जागी आधी प्रश्नचिन्हांच्या काळ्या चौकटी आणि मग 'ीर्तन' असं दिसत होतं. आयकॅलेंडरच्या फाइलमध्ये एक ओळ ७५ बाइटांपेक्षा लांब नसावी. लांब असेल तर मोडून पुढची ओळ एका मोकळ्या जागेने सुरू करतात. इंग्रजी अक्षर एका बाइटचं. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर, मात्रा, हलन्त यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या प्रचलित पद्धतीत, तीन-तीन बाइट घेतात. 'समरी' हे फील्डचं इंग्रजी नाव आणि पुढचा कोलन यांत आठ बाइट गेले. 'संकष्टी'चे एकवीस, 'चतुर्थीनिमित्त'चे बेचाळीस, दोन मोकळ्या जागा, झाले त्र्याहत्तर. उरले दोन. त्या दोन बाइटांत 'क'चा दोन-तृतीयांश भाग बसला आणि उरलेला तिसरा बाइट खालच्या ओळीत गेला. जी ॲप्स आधी ओळी जोडून मग अक्षरं वाचतात, तिथे सगळं ठीक दिसायचं. जी ओळ-ओळ वाचतात, तिथे 'क' फुटायचा.

दुरुस्ती एका ओळीची: बाइट मोजूनच तोडायचं, पण अक्षराच्या सीमेवर. त्यासाठी पीएचपीत, म्हणजे ड्रुपल ज्या भाषेत लिहिलंय तिच्यात, तयार फंक्शन आहे. तोपर्यंतच्या सगळ्या टेस्टमध्ये कार्यक्रमांची नावं 'टेस्ट इव्हेंट १', 'टेस्ट इव्हेंट २' अशी, आणि तीही रोमन लिपीत होती. त्यानंतर ताईंच्या वहीतलीच नावं टेस्टमध्ये घातली.

मार्च २०२४: घड्याळ पुढे गेलं

ब्रिटनमधल्या मंडळाने प्रायोगिक आवृत्ती घेतली होती. त्यांची मुलांची मराठी शाळा दर शनिवारी साडेदहाला. ३१ मार्च २०२४ ला तिथली घड्याळं एक तास पुढे गेली, आणि ६ एप्रिलच्या वर्गाची वेळ संकेतस्थळावर साडेअकरा दिसू लागली. सगळ्या टेस्ट पास होत होत्या.

कारण असं: ड्रुपल वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवतं, आणि मॉड्यूल नियमही यूटीसीतच उलगडत होतं. हिवाळ्यात साडेदहा म्हणजे यूटीसीचे साडेदहा. नियम म्हणाला, दर शनिवारी यूटीसीचे साडेदहा. एप्रिलात ते स्थानिक साडेअकरा होतात. भारतात घड्याळ कधी पुढे-मागे होत नाही. टीममधले सगळे इथले, टेस्टचा टाइम झोनही कोलकात्याचा. दिसणार कसं?

दोन उपाय पुढे आले. एक, दाखवताना तेवढा फरक वजा करायचा. एप्रिल सुरू झालेला, शाळेचे पालक गोंधळलेले, त्यामुळे हा झटपट उपाय मोहात पाडणारा होता. पण सूचीत बरोबर आणि डेटाबेसमध्ये चूक अशी दोन सत्यं तयार झाली असती. दुसरा उपाय, मालिकेत स्थानिक वेळ आणि टाइम झोनचं नाव साठवायचं, नियम स्थानिक वेळेत उलगडायचा आणि प्रत्येक प्रसंग मग यूटीसीत बदलायचा. दुसरा निवडला. तोवर मंडळाने पानावर हाताने सूचना लावली.

दुरुस्ती तपासताना एक गोष्ट ध्यानात आली. हा बग भारतातही होता. रविवारी पहाटे पाचला निघणारी भ्रमंती यूटीसीत शनिवारी रात्री साडेअकराची होते. जुन्या कोडला 'दर रविवारी' असा नियम दिला तर तो यूटीसीचा रविवार धरायचा, आणि गट सोमवारी पहाटे निघताना दिसायचा. सकाळी साडेपाचच्या आधीच्या कोणत्याही साप्ताहिक कार्यक्रमाला हे झालं असतं. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण गट दर वेळी वेगळ्या गडावर जातो आणि ताई ती सहल सुटी-सुटीच चढवायच्या. आज ही मॉड्यूलची कायमची टेस्ट आहे, 'रविवार पहाटे पाच', आणि ती कोलकाता, लंडन, न्यूयॉर्क अशा तीन झोनमध्ये चालते.

ही दुरुस्ती सोडण्याआधी आणखी एक धोका वेळीच पकडला गेला. प्रत्येक प्रसंगाची आयकॅलेंडरमधली ओळख सुरुवातीच्या वेळेवरून बनत होती. वेळा दुरुस्त झाल्या असत्या तर ओळखही बदलली असती, आणि ज्यांनी फाइल उतरवून पुन्हा घेतली त्यांच्या फोनात प्रत्येक वर्ग दोनदा दिसला असता. ओळख वेळेपासून तोडून कायमची केली, मगच आवृत्ती सोडली.

कार्यकारिणीची बैठक

त्याच वर्षी एक जास्त गंभीर गोष्ट घडली. कार्यकारिणीची अंतर्गत बैठक, जी फक्त सदस्यांना दिसायला हवी, ती विषयपत्रिकेसकट सार्वजनिक फीडमध्ये, म्हणजे फोनच्या कॅलेंडरांना कार्यक्रम पुरवणाऱ्या फाइलमध्ये, आली. एका वाचनालय-सभासदाने फोन करून विचारलं, "मीही यायचं का?"

ड्रुपल १० मध्ये मजकुराची नेहमीच्या पद्धतीने चौकशी करताना 'पाहण्याची परवानगी तपासू की नको' हे प्रोग्रामरला स्पष्ट लिहावंच लागतं. पण फीड जलद व्हावं म्हणून मॉड्यूल प्रसंगांचं टेबल थेट वाचत होतं, आणि तिथे असा पहारेकरी नसतो. फीड त्याच दिवशी बंद केलं. जाहीर केव्हा करायचं यावर थोडी चर्चा झाली. आवृत्ती अजून अल्फा, म्हणजे चाचणीच्या टप्प्यातली, असल्याने ड्रुपलच्या सुरक्षा टीमच्या गोपनीय प्रक्रियेत ती येत नव्हती. उघडपणे मांडायला हरकत नव्हती. तरी आधी ब्रिटनच्या मंडळाला फोन करून फीड बंद करायला सांगितलं, पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, तयार केला, आणि दोन्ही एकदम जाहीर केलं. 'अनोळखी पाहुण्याला काय दिसता कामा नये' अशी टेस्टची एक वेगळी फाइल तेव्हा सुरू झाली.

फलित, आणि वेगळं काय करता आलं असतं

दोन्ही संकेतस्थळं आज या मॉड्यूलवर चालतात. ताई व्याख्यानमालेची वर्षाची नोंद एकदाच करतात. अपेक्षेपेक्षा कमी उपयोग झाला तो फोनच्या फीडचा: बरीच ॲप्स फीड आपल्या सोयीने, तासांच्या हिशेबाने ताजं करतात, त्यामुळे 'आजचं कीर्तन रद्द' हे फीडवर सोडून चालत नाही. त्यासाठी व्हॉट्सॲपचा गटच कामाला येतो, आणि मॉड्यूलच्या माहितीपत्रकात आता तसं स्पष्ट लिहिलं आहे.

टेस्टचा साचा लिहिण्याआधी ताईंची वही मागितली असती तर निम्मे बग कोड लिहिला त्याच आठवड्यात सापडले असते. तिच्यात पहाटेची वेळ होती, लांब मराठी शीर्षकं होती, पाच रविवारांचे महिने होते, बंद दाराआडच्या बैठकाही होत्या. दुसरा देश यायची वाट पाहायची गरज नव्हती. मॉड्यूल नवं लिहिण्याबद्दल माझं मत वर आलंच आहे: मालिका-प्रसंग वेगळे ठेवणाऱ्या त्या तयार मॉड्यूलला तारखांची यादी आणि देवनागरी फाइलची दुरुस्ती, एवढे दोन पॅच दिले असते तर देखभालीचा भार इतका अंगावर आला नसता. तीन प्रोग्रामरपैकी दोघे उरले आहेत आणि ड्रुपल ११ आल्यावर सुसंगत करायचं काम त्यांच्यावरच पडलं. टीमला हे मत मान्य नाही. त्यांच्या मते तिथी आणि टाइम झोन स्वतः हाताळल्याशिवाय कोणते पॅच द्यायचे हेच कळलं नसतं.

एक मोठं काम बाकी आहे: 'हा आणि यापुढचे सगळे' असा बदल. जूनपासून व्याख्यान साडेसहाला, आधीचं सहाचंच, हे करायचं तर मालिका दोन तुकड्यांत तोडावी लागते, आणि मग जूनपुढच्या पानांचे पत्ते जुनेच ठेवायचे की नवे द्यायचे यावर एकमत नाही. तोवर ताई जुन्या मालिकेला मे महिन्याची शेवटची तारीख देतात, तिची प्रत काढतात आणि नवी मालिका जूनपासून सुरू करतात.